दारापाशीची मांडणी: तीन विषय, चोवीस पुस्तकं

४ जून

वाचनालयाच्या समितीची बैठक झाली. दाराशेजारची मासिकांची मांडणी रिकामी पडली आहे, कारण मासिकंच एकेक करून बंद होत गेली. पाच फळ्या आहेत. तिथे निवडक पुस्तकं ठेवायची इथवर एकमत झालं आणि ‘कसली’ या एका शब्दावर तास गेला. काकांना (आमचे खजिनदार) शास्त्रीय संगीतच हवं. समितीतली सगळ्यांत धाकटी शिल्पकला शिकते. तिला चौकातले पुतळे, भिंतीवरची चित्रं, उघड्यावरची कला हवी. मी कथा-कादंबरीचं नाव काढलं. पोटासाठी मुद्रितं तपासते, दुसरं काय सुचणार. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, तिन्ही घ्या, आठ-आठ पुस्तकं. खर्चाला आठ हजार. १५ ऑगस्टच्या आत मांडणी उभी राहिली पाहिजे. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे.

९ जून

दाखल नोंदवही काढून बसले. कथा-कादंबऱ्यांना अंत नाही. संगीताची एकतीस, त्यातली निम्मी नाट्यगीतांची. ‘कला’ या शिक्क्याखाली सहा, पैकी दोन रांगोळीची आणि एक मेंदीचं. धाकटीनं ते वहीतल्या पानासकट फोटो काढून ठेवलं. म्हणाली, “ताई, हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकते.”

१२ जून

नियम ठरवले. पुस्तक आमच्यापैकी निदान एकानं दोनदा वाचलेलं असावं. त्याच्या दोन प्रती मिळाव्यात. प्रत्येक पुस्तकात चाळीस शब्दांची चिठ्ठी असावी आणि ती चिठ्ठी पुस्तकाची गोष्ट सांगणारी नसावी. पुस्तक मिटल्यावर पुण्यात कुठे जायचं, काय पाहायचं किंवा ऐकायचं ते तिनं सांगावं. शेवटची कलम काकांची. मला आधी ती सहलीच्या पत्रकासारखी वाटली होती.

भांडण झालं ते दोन प्रतींवरून. निम्मी आवडती पुस्तकं बाजारात नाहीतच. काकांचं म्हणणं, यादीत तरी राहू देत, लोकांना नाव तर कळेल. मी ठाम नकार दिला. मिळतच नाही असं पुस्तक वाचा म्हणून सांगणं म्हणजे पाहुण्याला रिकाम्या पानावर बसवून पंगतीचं वर्णन ऐकवणं. हातात देता येईल तेच मांडणीवर.

१५ जून, रविवार

जुना बाजार. पाऊस रिमझिम, पुस्तकांवर प्लास्टिक, आणि प्लास्टिकखाली वाकून शीर्षकं वाचणारी आम्ही दोघी. गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ एका जुन्या मिक्सरच्या भांड्याशेजारी मिळालं. साठ रुपये. कसरीनं मागच्या दहा पानांना बारीक भोकं पाडली आहेत, पण मजकूर वाचता येतो. हे पुस्तक १९३९चं. ‘मानापमान’ नाटकाच्या चाली देणारा, हार्मोनियमवर हुकमत असलेला हा माणूस भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांच्या गाण्याबद्दल लिहितो तेव्हा शेजारी बसून ऐकणाऱ्याच्या नात्यानं लिहितो. विशेषणं कमी, निरीक्षण जास्त. ‘अप्रतिम’ शिवाय संगीतावर लिहिता येतं हे आजच्या समीक्षकांनी याच्याकडून शिकावं.

चिठ्ठी लगेच सुचली: भारत गायन समाजाच्या इमारतीवरून एक चक्कर. ती संस्था भास्करबुवांनी १९११ साली सुरू केली. आतून पेटीचा आवाज येत असेल तर पाच मिनिटं थांबा.

१७ जून

अप्पा बळवंत चौक, चार दुकानं, दोन तास, घामानं भिजले. ‘रणांगण’, ‘बनगरवाडी’, ‘काजळमाया’, ‘सात सक्कं त्रेचाळीस’, गौरी देशपांड्यांचं ‘एकेक पान गळावया’: सगळी दोन-दोन प्रतींत मिळाली. कादंबरीची फळी एका दुपारी भरत आली. संगीताला तीन पुस्तकं, कलेला शून्य. दुकानदारांना ‘सार्वजनिक कला’ म्हटल्यावर एकानं सार्वजनिक वाचनालयाच्या नियमांचं पुस्तक पुढे केलं, दुसऱ्यानं बालचित्रकला. तिसऱ्यानं मात्र नीट विचार केला आणि कलेवर लिहिणाऱ्या द. ग. गोडशांचं नाव घेतलं. भला माणूस.

२२ जून

‘कोसला’वरून बैठक तापली. एक सभासद म्हणाले, ती सगळ्यांनी वाचलीच आहे, जागा कशाला अडवता. मी विचारलं, पूर्ण वाचली आहे असं कोण शपथेवर सांगेल? हात वर झाले तीन. सात जणांत तीन.

१९६३ सालची ही कादंबरी. पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, सगळ्यात हात घालतो आणि सगळीकडून हात झटकून गावी परततो. पुण्यातले वाचक वसतिगृह, मेस, गॅदरिंग इथपर्यंत हसत वाचतात आणि ‘कोसला’ म्हणजे तेवढीच असं धरून चालतात. मला ती हवी होती ती अजिंठ्याच्या पानांसाठी. धाकटी बहीण मनी गेल्यानंतर तो लेण्यांत शिरतो. तिथे शिल्पाचं कौतुक नाही, इतिहासाची तारीख नाही. दुःखानं बधिर झालेला माणूस दगडासमोर उभा आहे आणि दगड त्याला काहीही देत नाही, तरी तो पाहतो आहे. धाकटीनं ती पानं तिथेच बैठकीत वाचली. मग म्हणाली, “हे माझ्या फळीवर द्या.”

इथे पहिल्यांदा फळ्यांची वाटणी मोडली. आता विषयवार फळ्या नाहीत. कुठलं पुस्तक कुठल्याशेजारी ठेवलं तर एकमेकांशी बोलेल ते पाहून लावायचं. काकांची हरकत, मग शोधायचं कसं? चोवीस पुस्तकं आहेत हो काका, डोळ्यांनी शोधायचं.

२८ जून

आज पुस्तकं नाहीत, घोडा. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा पाहायला धाकटीबरोबर गेले. विनायक पांडुरंग करमरकरांचं काम. अनावरण १९२८ साली. चाळीस वर्षं त्या बाजूनं जाते-येते आहे, थांबून पाहिला आज.

ती मला चेहरा पाहू देईना. “आधी सांधे शोधा,” म्हणाली. तिनं छत्री माझ्या हातात दिली आणि ओतकाम समजावलं. आधी मातीत मूर्ती, तिच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्याच्या आत मेणाचा थर, मेणाच्या आत गाभा. वरून आवरण चढवून भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जातं, आणि त्या बोटभर पोकळीत हजार अंशांहून तापलेला ब्राँझचा रस ओतायचा. म्हणजे मोठे पुतळे आतून पोकळ असतात, हे मला आज, या वयात कळलं. हल्ली तुकडे वेगवेगळे ओततात, जोडतात, घासतात. पावसात ओल्या धातूवर नीट पाहिलं तर जोडाची रेघ कधी कधी दिसते. नदीपलीकडच्या एका नव्या पुतळ्याच्या कोपरावर तिनं मला मागच्या आठवड्यात ती दाखवली होती, ब्लाउजच्या बाहीची शिवण असावी तशी. हा घोडा मात्र मुंबईत माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतलेला आहे. एवढा रस एका दमात, कुठेही न थिजता, सगळीकडे पोचायला हवा. एक चूक आणि सगळं पुन्हा मातीपासून.

मी सांधे शोधले. पोटाखालून पाणी ठिबकत होतं. मग चेहरा पाहिला.

घरी येऊन शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड उघडला, सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला. जाडजूड, घरी न्यायला अवघड, पण मांडणीवर हवाच. अलिबागजवळच्या सासवण्याला करमरकरांचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे, तेही चिठ्ठीत घालायचं. पुण्याबाहेरचं चालेल का, असं काकांना विचारलं. “शनिवार-रविवार पुणेकर कुठे असतात?” म्हणाले.

६ जुलै

काकांच्या घरी श्रवण. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ मध्ये ठेवून. वामनराव धंद्यानं हिशेबनीस, चार्टर्ड अकाउंटंट, आणि पुस्तकही ताळेबंदासारखं मांडलेलं: एका बाजूला स्वर, एका बाजूला लय, आणि कुठलं घराणं कुणीकडे झुकतं त्याचा हिशेब. किराणा घराणं स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, जयपूर मधोमध तोल सांभाळून.

किराण्याचे अब्दुल करीम खाँ लावले. सूर इतका सावकाश टेकतो की ठेका कुठे आहे ते मी विसरले. मग आग्र्याचे फैयाज खाँ: इथे बोल आणि ठेका यांची झटापट, समेवर येताना काकांची मान आपोआप हलली. मग जयपूरच्या केसरबाई केरकर. तान कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते ते कळेना. दम संपतच नाही बाईंचा. (त्यांची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात चालली आहे. काकांनी हे सांगितलं ते स्वतः चढवून आल्याच्या थाटात.)

मी म्हटलं, सिद्धांत पटला. काका उखडले. “तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवर घराणं तपासणं म्हणजे भोजनालयाचा फलक वाचून ढेकर देणं. आणि एक लक्षात ठेव, वामनराव मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकले. मोगूबाई जयपूरच्या. तागडी ज्याच्या हातात, त्याचंच घर मधोमध.” पुस्तक मात्र छातीशी धरूनच हे बोलत होते. १९६१चं हे पुस्तक मला त्या वाक्यानंतर जास्त आवडलं. वाद घालता येतो अशी संगीताची पुस्तकं किती आहेत?

अशोक रानड्यांचं ‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ही घ्यायचं ठरलं. सोपं नाही. सर्वांत खालच्या फळीवर, म्हणजे ज्याला हवं तो वाकेल.

‘नादवेध’वर मात्र काकांनी नाक मुरडलं. अच्युत गोडबोले आणि सुलभा पिशवीकरांचं हे पुस्तक राग सांगताना सिनेमातल्या गाण्यांचा हात धरतं. काकांच्या मते ही पळवाट. माझ्या मते दार. यमन म्हणजे काय हे मला कुणी आधी सिनेगीतातून सांगितलं असतं तर वीस वर्षं वाचली असती. मतदान झालं, ‘नादवेध’ आलं.

१० जुलै

‘घरंदाज गायकी’ची दुसरी प्रत एका दुकानातून फोनवर मागवली होती. पार्सल आलं. झेरॉक्स! चकचकीत पुठ्ठा, आत फोटोकॉपी, पान ८८ ऐवजी ८६ दोनदा. पैसे परत मागितले तर उत्तर मिळालं, मजकूर तोच आहे ना. मुद्रितशोधकाला असं विचारायचं नसतं. ते पैसे गेले. काकांनी आपली प्रत वाचनालयाला दिली. नावाखाली १९७४ सालची त्यांची सही आहे, ती खोडू दिली नाही आम्ही.

१९ जुलै

रात्री पावसानं मागच्या खिडकीच्या छज्जातून पाणी आत आलं. निवडून ठेवलेल्या पुस्तकांपैकी सात भिजली. सकाळी दादांनी (आमचे शिपाई) फोन केला तेव्हा त्यांचा आवाज घरात कुणी आजारी असल्यासारखा होता.

साधा कागद सोसतो. ‘काजळमाया’ फुगली, पण पंख्याखाली उघडी उभी ठेवली, पानांत टिपकागद घालत राहिलो, संध्याकाळपर्यंत धोका टळला. उन्हात ठेवायचं नाही. कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा कानवल्यासारखा वळतो. खरी भीती दृश्यकला खंडाची. चित्रांची पानं गुळगुळीत, चकाकीच्या लेपाची. ओली असताना सुटली तर सुटली. वाळली की लेप लेपाला चिकटतो आणि मग उलगडताना चित्रच सोलून येतं. धाकटी, दादा आणि मी टेबलाभोवती बसलो आणि पान-पान सोडवलं, मध्ये बटर पेपर. बोटाच्या नखानं नाही, पोस्टकार्डाच्या कडेनं. साडेतीन तास. दोन पानं गेली. उरलेली शाबूत.

जी. ए. कुलकर्ण्यांच्या (म्हणजे जीएंच्या) ओल्या ‘काजळमाया’कडे पाहत अध्यक्ष म्हणाले, या पुस्तकाच्या नशिबात शांतता नाही. खरंच आहे. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या सालावरून वाद झाला आणि जीएंनी तो परत केला. साल, तारीख, मुद्रण… माझ्या धंद्यातली क्षुल्लक वाटणारी ओळ, पण तिनं केवढं केलं.

२६ जुलै

कलेचा वाटा अखेर भरला, पण ‘कला’ शिक्क्याच्या बाहेरून. गोडशांचं ‘पोत’. बाबूराव सडवेलकरांचं ‘महाराष्ट्रातील कलावंत’. प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’: चित्रकारानं स्वतःच्या डोक्यात डोकावून लिहिलेलं, हळू वाचायचं. माधुरी पुरंदऱ्यांचं ‘पिकासो’. आणि दुर्गा भागवतांचं ‘पैस’.

‘पैस’ आणलं मी, आणि त्यासाठी भांडलेही मीच. धाकटी म्हणाली, हे ललित आहे. मी म्हटलं, नेवाशाचा तो खांब वाच. ज्ञानेश्वर टेकून बसले असं सांगतात तो खांब. ना पुतळा, ना चेहरा, ना हातात ग्रंथ. नुसता उभा दगड, आणि त्याच्याभोवती लोकांनी शतकानुशतकं धरून ठेवलेली जागा. उघड्यावरच्या कलेला चौथऱ्यावर माणूस लागतोच का, या प्रश्नाचं मराठीतलं सर्वांत देखणं उत्तर दुर्गाबाईंनी दिलं आहे, आणि ग्रंथालयवाले ते ललित निबंधांच्या कपाटात लपवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा निरोप आला: “ठेवा.”

२ ऑगस्ट

चिठ्ठ्या. चोवीसपैकी एकोणीस झाल्या. केशवराव भोळ्यांच्या ‘अंतरा’ची सोपी: प्रभात फिल्म कंपनीसाठी ‘संत तुकाराम’ चित्रपटाचं संगीत त्यांनीच केलं, तर प्रभात रोडनं चालत लॉ कॉलेज रस्त्यावर या, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागी आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ‘नादवेध’ची: राजा केळकर संग्रहालयातलं वाद्यांचं दालन. ‘मुक्काम वाशी’ची: काही पाहू नका, कुमार गंधर्वांचं कुठलंही निर्गुणी भजन अंधारात ऐका. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची मला जमेना. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हेर्टा नावाची ज्यू मुलगी आणि चक्रधर. पुण्यात कुठे पाठवू वाचकाला? शेवटी लिहिलं: स्टेशनवर जा, प्लॅटफॉर्म तिकीट काढा, निरोप घेणारी माणसं पाहा. हेही १९३९चं पुस्तक, टेंब्यांच्या पुस्तकाबरोबरचं. दोन्ही शेजारी ठेवणार. एकाच वर्षी एक माणूस मैफिली आठवतो आहे, दुसरा बोट.

एका चिठ्ठीवर वाद झाला. ‘पैस’च्या चिठ्ठीत धाकटीनं लिहिलं होतं: संभाजी उद्यानात जा, राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा होता ती जागा पाहा. २०१७च्या जानेवारीत तो पुतळा गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकातल्या संभाजीराजांच्या चित्रणावरून उखडून मुठेत टाकला गेला होता. अध्यक्षांचं मत, वाचनालयाच्या दारात वाद नको. ती म्हणाली, मी बाजू कुठे घेतली आहे, जागा पाहा एवढंच म्हटलं आहे. कुणीच काही बोललं नाही. शेवटी ओळ राहिली, साल राहिलं, कारण गेलं. मला हा तोडगा आवडला नाही; कारण न देता तारीख देणं हे मुद्रितशोधकाला अर्धं वाक्य सोडल्यासारखं वाटतं. पण तीन विरुद्ध चार.

१३ ऑगस्ट

मांडणी उभी. सुतारानं एक फळी अर्धा इंच आखूड कापली, तिथे पुठ्ठ्याची पाचर. पाटीवर नुसतं ‘घेऊन जा’. खाली बारीक अक्षरात काकांनी पेननं लिहिलं: ‘आणि परत आणा’.

खर्च ७,६४०, झेरॉक्ससकट.

२१ ऑगस्ट

आठवड्यात अकरा पुस्तकं बाहेर. चार वेळा ‘नादवेध’ मागितलं गेलं. काका काही बोलले नाहीत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येणारा एक मुलगा पाऊस थांबेपर्यंत उभ्यानं ‘रणांगण’ वाचत होता. पाऊस थांबला तरी उभाच. दादांनी खुर्ची दिली.

३० ऑगस्ट

नवी अडचण. लोक चिठ्ठ्या नेतात आणि पुस्तकं ठेवून जातात. सोळा चिठ्ठ्या गायब. दादांना वाटलं मुलांची मस्ती, म्हणून दोन दिवस पाळत ठेवली. नेणारे सगळे साठीच्या पुढचे निघाले. एक आजी पर्समध्ये घडी घालताना सापडल्या. त्यांच्याकडे तीन होत्या, एकावर ‘झालं’ अशी खूण. मी विचारलं, पुस्तक नको का? “आधी घोडा बघून येते,” म्हणाल्या.

चिठ्ठ्या पुठ्ठ्याला खळीनं चिकटवून टाकाव्यात असा प्रस्ताव आला. फेटाळला. प्रत्येकी पंचवीस छापायच्या. ‘पैस’च्या चिठ्ठीचं मुद्रित पुन्हा माझ्याकडे येणार आहे.